उन्हाळा सरता सरता, आईसोबत जैसलमेर

जैसलमेरला डिसेंबरातच जावे, असे पुण्यातल्या ओळखीच्या प्रत्येकाने सांगितले होते. आमच्या घरची सोय मात्र वेगळी होती. बाबांचे पंचमीचे श्राद्ध झाल्यानंतर घटस्थापनेपर्यंत जे आठ-नऊ दिवस मिळत होते, तेवढेच आई घराबाहेर राहू शकत होती. आणि तिचे वय ६८, रक्तदाबाचा त्रास, त्यामुळे ‘पुढच्या वर्षी पाहू’ असे म्हणायला माझे मन धजेना.

मी आधी हवामान पाहिले. मोसमी पाऊस परततो तो पश्चिम राजस्थानातूनच, आणि त्याची सर्वसाधारण तारीख १७ सप्टेंबर आहे. म्हणजे महिनाअखेरीस पुण्यात सरी कोसळत असताना तिकडे आकाश निरभ्र झालेले असते. मे-जूनमध्ये ४५ अंशांपलीकडे जाणारा पारा ३८-३९ वर आलेला असतो आणि रात्री बऱ्यापैकी उतरतो. हे जमण्यासारखे वाटले. तरी तिकिटे काढण्याआधी आईच्या डॉक्टरांकडे गेलो, हे फार बरे झाले. तिची रक्तदाबाची एक गोळी लघवी वाढवणारी असल्यामुळे कडक उन्हात शरीरातले पाणी आणि क्षार दोन्ही झपाट्याने कमी होऊ शकतात, हे मला ठाऊक नव्हते. त्यांनी सोडियम तपासून घेतले, त्या दिवसांपुरते गोळीचे प्रमाण स्वतः ठरवून दिले आणि नुसत्या पाण्यावर न राहता ओआरएसची पाकिटे जवळ ठेवायला सांगितले.

एवढे करूनही पहिल्याच दिवशी चूक झाली. रेल्वेने जोधपूरला उतरून, जेवण करून, आम्ही भर दुपारी भाड्याच्या गाडीने निघालो. वेळ मीच ठरवली होती. पोखरणच्या अलीकडे गाडीचा एसी बंद पडला. पुण्यात घाम अंगावर राहतो आणि तहान लागल्याची आठवण करून देतो. तिथल्या कोरड्या हवेत तो दिसण्याआधीच उडून जातो, त्यामुळे किती पाणी गेले याचा अंदाज येत नाही. आई बराच वेळ गप्प होती. मग दाराला हात लावून म्हणाली, “जरा थांबव गं त्यांना, डोळ्यांपुढे अंधारी येतेय.”

रस्त्याकडेच्या ढाब्यावरच्या माणसाने काही न विचारता बाज सावलीत ओढून दिली. आईला आडवे करून पायांखाली पिशवी ठेवली, पंचा भिजवून मानेभोवती गुंडाळला, मनगटे ओली केली आणि ओआरएसचे पाणी घोटाघोटाने पाजले. पंचा दहा मिनिटांत खडखडीत वाळत होता, की पुन्हा भिजवायचा. अर्ध्या तासाने तिला हुशारी वाटू लागली, तरी ऊन कलेपर्यंत आम्ही तिथून हललो नाही.

त्यानंतर दिवसाची आखणीच बदलली. जैसलमेर पुण्याहून अधिक पश्चिमेला असल्यामुळे तिथे सूर्य माथ्यावर येतो तो साडेबारा उलटून गेल्यावर, आणि खरी भाजणी तीन-चार वाजता असते. म्हणून सूर्योदयाला बाहेर पडायचे, साडेदहाला खोलीवर परतायचे आणि पुन्हा निघायचे ते पाचनंतरच. किल्ल्यावरची जैन मंदिरे आम्ही सकाळीच पाहिली. अनवाणी चालावे लागते, आणि आठ वाजता गार लागणारी फरशी दुपारी चटके देते.

११५६ मध्ये रावळ जैसलने वसवलेल्या या किल्ल्यात आजही वस्ती आहे. मुक्कामाच्या जागाही आहेत, पण आम्ही खालच्या गावातच राहिलो. पूर्वी किल्ल्यावर पाणी मोजकेच वापरले जाई. नळ आणि न्हाणीघरे वाढल्यावर सांडपाणी टेकडीत मुरू लागले आणि बुरूज खचले. चार दिवसांच्या सोयीसाठी त्यात आपली भर घालावी, असे आम्हा दोघींनाही वाटले नाही. शिवाय अखै पोळ ते हवा पोळ हा चार दरवाजांचा चढ आईला दिवसातून एकदाच झेपणारा होता.

आईला सर्वांत अधिक आवडली ती पटवा हवेली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधायला घेतलेल्या या पाच हवेल्या अरुंद गल्लीत अशा उभ्या आहेत की सकाळी बराच वेळ गल्लीत ऊन उतरतच नाही. वरच्या मजल्यावर आईने दगडी जाळीला तळहात लावला आणि मला बोलावून माझाही हात तिथे धरला. एकेका भोकातून वाऱ्याची बारीक धार हाताला लागत होती, आणि बाहेर तर पान हलत नव्हते. संध्याकाळी गडीसर तलावाच्या काठी बसलो तेव्हा याच पिवळ्या दगडाची पायरी सूर्य मावळल्यावरही उबदार होती. सम गावाजवळच्या वाळूच्या टेकड्या मात्र आम्ही सोडून दिल्या. ४० किलोमीटर जाऊन तेवढेच परत येण्यात आई दमली असती आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ गेली असती.

परतताना गाडी केलीच नाही. जोधपूरपर्यंत रात्रीची रेल्वे घेतली आणि आई सबंध वाट शांत झोपली. पुण्याला उतरलो तेव्हा स्टेशनाबाहेर पाऊस पडत होता. घटस्थापनेला तीन दिवस उरले होते, आणि रिक्षात बसल्या बसल्याच आईने घटाखालची काळी माती कुणाकडून आणायची याची चौकशी सुरू केली.