उद्याची भाजी

नवराबायकोच्या नात्यासाठी परंपरेने वर्षातले मोजकेच दिवस राखून ठेवले आहेत. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे दिवाळीच्या पाडव्याला, बायको नवऱ्याला ओवाळते आणि ज्येष्ठातल्या पौर्णिमेला त्याच्यासाठी वडाला सूत गुंडाळते. (दोन्ही दिवशी राबणारी तीच, हा हिशेब तूर्त बाजूला ठेवू.) उरलेल्या दिवसांची सोय मात्र ज्याची त्याने आपल्या घरात लावायची असते.

आमच्याकडे ती उद्याच्या भाजीने लावली. रात्रीची जेवणे आटोपून ओटा पुसून झाला, की जमिनीवर जुने वर्तमानपत्र पसरायचे आणि सकाळच्या डब्याची भाजी दोघांनी मिळून निवडायची. गवारीच्या शिरा काढायच्या. मेथीचे कोवळे देठ ठेवून जून टाकायचे, आणि जून कशाला म्हणावे यावर वाद घालायचा. कडव्या वालांचा बेत असला की बैठक लांबते. भिजवून, फडक्यात बांधून मोड आणलेले वाल कोमट पाण्यात टाकले की साली सैल होतात. मग एकेक दाणा चिमटीत दाबला की डाळिंबी टुणकन ताटात पडते, क्वचित सोफ्याखालीही जाते. वाटीभर वाल सोलायला किती वेळ लागतो हे सोलणाऱ्यालाच ठाऊक, पण तेवढ्या वेळात यांच्या साहेबांपासून सासूबाईंच्या गुडघ्यापर्यंत सगळे विषय होतात. हात ओले असल्यामुळे मोबाइलला कोणी शिवत नाही. शिवाय नजर ताटात असते, त्यामुळे एरवी प्रस्तावना करून, समोरासमोर बसून बोलायला जड गेले असते, असे पैशाचे किंवा मुलांच्या काळजीचे बोलणेही मध्येच सहज निघून जाते.

अमेरिकेत सिअ‍ॅटलमध्ये जॉन गॉटमन या मानसशास्त्रज्ञांनी नवविवाहित जोडप्यांचे वागणे टिपून सहा वर्षांनी त्यांची पुन्हा चौकशी केली. ज्यांचे संसार टिकले होते ते जोडीदाराच्या बारीकसारीक हाकेला शंभरातल्या ८६ वेळा ओ देत होते; मोडलेल्यांत हा आकडा ३३ होता. या हाका म्हणजे फार मोठे काही नव्हे. "ही अळी केवढी बघ" ही आमच्या वर्तमानपत्रावरची हाकही त्यांतलीच म्हणायची.

भांडण झाले तरी सकाळचा डबा चुकत नाही, हा या रिवाजाचा मला सर्वांत मोठा गुण वाटतो. अशा रात्री आम्ही दोन टोकांना मुकाट बसतो आणि पहिले वाक्य हमखास भाजीविषयीच येते. "गवार फारच जून निघाली," हे म्हणतात. "आणली कोणी?" असे मी विचारते. भांडण मिटलेले नसते, पण तोंडे उघडलेली असतात.

हल्ली निवडलेली मेथी आणि सोललेले वाल पिशवीत तयार मिळतात, आणि पाहुणे यायचे असले की आम्हीही ते घेतो. दर आठवड्याला घ्यावेत, असे मात्र दोघांपैकी कोणी अजून सुचवलेले नाही.