डीटीपीसाठी मॉनिटर निवडताना: माझा अनुभव

अमळनेरला आमचा छापखाना आहे आणि डीटीपी, म्हणजे छपाईचा मजकूर संगणकावर जुळवण्याचे काम, तिथेच होते. लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तके ही नेहमीची कामे. परंतु अलीकडे रावेर-सावद्याकडून केळीच्या खोक्यांची लेबले जास्त येऊ लागली आणि त्यांतील पिवळ्या-हिरव्या छटांमुळे जुना १९ इंची मॉनिटर बदलणे टाळता येईना. खुर्चीत थोडे मागे रेलले तरी तोच पिवळा रंग निराळा दिसत असे.

हा दोष त्या एका मॉनिटरचा नव्हता, टीएन प्रकारच्या एलसीडी पॅनेलचाच, म्हणजे चित्र दाखवणाऱ्या पडद्याचाच होता. अशा पॅनेलमध्ये पाहण्याचा कोन बदलला की रंग बदलतो. शिवाय स्वस्त टीएन पॅनेलमध्ये लाल, हिरवा व निळा यांच्यासाठी प्रत्येकी ६ बिटच, म्हणजे ६४ पायऱ्याच असतात; त्यामुळे मूळ रंग ६४ × ६४ × ६४, म्हणजे २,६२,१४४. बाकीच्या छटा शेजारच्या छटांची सरमिसळ करून भासवल्या जातात. आयबीएमने १९८७ साली आणलेल्या व्हीजीए या चित्रप्रणालीच्या रंगपेटीत नेमके एवढेच रंग होते, हे लक्षात आल्यावर मला हसू आले. अर्थात व्हीजीएला त्यांतले एका वेळी जास्तीत जास्त २५६ दाखवता येत, तेही ३२० × २०० इतक्या जाडसर चित्रात.

त्याआधीची स्थिती वडिलांकडून अनेकदा ऐकली होती. आयबीएमच्या १९८१ च्या एमडीए या ग्राफिक्स कार्डाला, म्हणजे संगणकातून पडद्यावर मजकूर पाठवणाऱ्या भागाला, चित्र काढताच येत नसे. अक्षरांचे साचे कार्डावरच्या रॉममध्ये, म्हणजे न बदलणाऱ्या स्मृतीत, पक्के बसवलेले असत आणि त्या ठरावीक चौकटीत वेलांटी, रफार किंवा जोडाक्षर मावण्याची सोय नव्हती. पुढच्याच वर्षी आलेल्या हर्क्युलस कार्डाने ७२० × ३४८ बिंदू एकेक करून उजळण्याची मुभा दिली. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या जिस्ट कार्डाने तर भारतीय लिप्यांची अक्षरे हार्डवेअरमधूनच पडद्यावर आणली. मराठी अक्षरजुळणी करणाऱ्याच्या दृष्टीने ग्राफिक्स कार्डाच्या इतिहासातला मोठा टप्पा हाच होय. १९९६ चे व्हूडू आणि १९९९ चे जीफोर्स २५६ या कार्डांनी त्रिमितीय खेळांचे जग बदलले असले, तरी पत्रिकेच्या मजकुराला त्यांचा फारसा उपयोग झाला नाही.

पिक्चर ट्यूबचा मॉनिटर आमच्याकडे बराच काळ टिकला. तो कोणत्याही बाजूने पाहिला तरी रंग तसाच राहत असे. तो आम्ही काढला तो भारनियमनामुळे: ट्यूबचा मॉनिटर यूपीएसची बॅटरी भराभर संपवी आणि मे महिन्यात खोलीही तापवी, तर एलसीडीला त्याहून बरीच कमी वीज पुरत असे. विजेच्या बदल्यात आम्ही रंग गमावला, असे मला आजही वाटते.

या वेळी मी संगणकाची कॅबिनेटच गाडीत घालून जळगावला गेलो, कारण दुकानातल्या नव्या यंत्रावर दिसणारे चित्र आपल्या यंत्रावर दिसेलच असे नाही. प्रथम २७ इंची ४के, म्हणजे ३८४० × २१६० बिंदूंचा, मॉनिटर जोडून पाहिला. अक्षरे अप्रतिम दिसत होती, पण माउसचा बाण अडखळत चालत होता. माझ्या मदरबोर्डवर मॉनिटर जोडायला एचडीएमआय १.४ ही जोडणी आहे आणि त्यातून ३८४० × २१६० बिंदूंचे चित्र सेकंदाला ३० वेळाच जाते. ६० वेळा पाठवायला एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट ही दुसरी जोडणी लागते. विक्रेत्याने लगेच महागडे गेमिंग कार्ड सुचवले. माझी अडचण गणनशक्तीची नसून जोडणीची होती, हे त्याला पटवायला वेळ लागला.

४के नाकारण्याचे खरे कारण मात्र वेगळेच होते. २७ इंचांत तेवढे बिंदू म्हणजे इंचाला सुमारे १६३. विंडोजमध्ये सर्व काही दीडपट केल्याशिवाय वाचता येत नाही, आणि आमच्या जुन्या फॉन्टसह चालणारे जुने सॉफ्टवेअर तसे मोठे केले की पुसट दिसते. २५६० × १४४० च्या २७ इंची मॉनिटरमध्ये इंचाला सुमारे १०९ बिंदू पडतात, त्यामुळे काहीही न वाढवता काम होते. पॅनेलच्या प्रकारांपैकी व्हीएचा काळा रंग आयपीएसपेक्षा गडद होता, पण कडेने पाहताना पिवळा फिकटत होता. ओएलईडी, म्हणजे प्रत्येक बिंदू स्वतःच उजळणाऱ्या पडद्याचा, विचार मी केलाच नाही, कारण दिवसभर एकाच जागी राहणाऱ्या टूलबारचा ठसा त्यावर कायमचा उमटण्याची भीती असते. शेवटी कडेनेही रंग टिकवणारा आयपीएस घेतला आणि सोबत डिस्प्लेपोर्ट असलेले साधे कार्ड.

घरी आल्यावर सर्वाधिक वेळ पडद्याची प्रखरता ठरवण्यात गेला. कारखान्यातून आलेली प्रखरता इतकी होती की छापलेले लेबल शेजारी धरले तर मळकट वाटे. नीट छापलेले एक जुने लेबल खिडकीच्या उजेडात धरून, कोरा कागद आणि पडदा सारखे दिसेपर्यंत ती कमी करत गेलो. तरीही पडद्यावरचा झगझगीत हिरवा चार शाईंच्या छपाईत येत नाही, ते ग्राहकाला आधीच सांगावे लागते. जुना मॉनिटर मदरबोर्डवरच्या व्हीजीए जोडणीला जोडला. त्यासाठी बायॉसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ मांडणीत, मदरबोर्डचे अंतर्गत ग्राफिक्स चालू ठेवावे लागले. आता टूलबार आणि ग्राहकांचे मेसेज त्यावर असतात, आणि रंगाचे काम त्यावर कोणी करत नाही.