दोन मुलगे, एक भाऊ, चाळीस घोडे

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. अमेरिकेतल्या केंटकीत राहते म्हटल्यावर डॅनियल बूनचं नाव निघतंच; अठराव्या शतकात या रानात वाट काढून वस्ती करणारा हा नामांकित शिकारी. आणि त्याची कहाणी छापणाऱ्या जॉन फिल्सनच्या केंटकीवरच्या पुस्तकाचं मी सांगू लागले की हा प्रश्नही येतोच: “ते बूननं स्वतः लिहिलेलं नाही ना? मग त्यात एवढं काय आहे?”

नाही, बूननं लिहिलेलं नाही. त्याची पत्रं उरली आहेत. इंग्रजी स्पेलिंगची पर्वा न करता, कानाला ऐकू येईल तसं तो लिहायचा. पुस्तक लिहिलं फिल्सननं. हा पेनसिल्व्हानियाचा शाळामास्तर केंटकीत आला आणि त्यानं 12,000 एकरांहून जास्त जमिनीवर हक्क सांगितला. जमिनीला भाव यायचा तर माणसं यायला हवीत. म्हणून 1784 साली त्यानं हे पुस्तक काढलं. माती कशी, नद्या कुठे, मिठाचे झरे कुठे, सगळं त्यात आहे. छपाई विल्मिंग्टनची, नकाशा मात्र फिलाडेल्फियात छापलेला. 1,500 प्रती निघाल्या असं सांगतात. आज मूळ प्रत सापडणं कठीण आणि नकाशासकट सापडणं त्याहून कठीण. त्या नकाशावर जागोजागी ‘उत्तम वेत’ अशा अर्थाच्या नोंदी आहेत. हा वेत म्हणजे तिथला रानबांबू. तो माजलेला असला की जमीन कसदार, हे शेतकऱ्याला निराळं सांगावं लागत नसे.

बूनची कहाणी पुस्तकाच्या शेवटी, परिशिष्टात येते. जेमतेम तीसेक पानं, पण ‘मी’ म्हणून सांगितलेली. सुरुवातीलाच कुतूहल हा माणसाच्या आत्म्याचा स्वभाव आहे असं वाक्य आहे. हे मास्तरांचं, शंकाच नको. पण थोडं पुढे 1 मे 1769 ही तारीख येते, त्या दिवशी नॉर्थ कॅरोलिनातलं यॅडकिन नदीकाठचं घर सोडून केंटकीकडे निघालो म्हणून, आणि मी सावरून बसते. मला तिथे दुसरं कुणीतरी बोलताना ऐकू येतं.

1778 मध्ये शॉनी या तिथल्या मूळ रहिवासी जमातीच्या लोकांनी बूनला पकडून नेलं. त्याला एका कुटुंबानं मुलगा म्हणून दत्तक घेतलं. नव्या आईबापांचा, भावाबहिणींचा आपल्यावर जीव होता, असं तो सांगतो. मग जूनमध्ये तो पळाला. चार दिवसांत 160 मैल, आणि एवढ्या वाटेत जेवण एकदाच. दिवस, मैल आणि जेवणं मोजणारा हा माणूस मास्तर नव्हे. आणि ज्या पुस्तकात शॉनींना उठताबसता ‘रानटी’ म्हटलंय, त्याच पुस्तकात त्यांची ही माया छापून गेली. जमीन विकायला तिचा काही उपयोग नव्हता; मला वाटतं, बूननं सांगितली म्हणूनच ती राहिली. शॉनींची स्वतःची बाजू मात्र या पानांत कुठेच नाही. ज्या रानात ते शिकारीला येत, तेच इथे विकायला काढलेलं आहे. हे मनात ठेवूनच मी दर वेळी पुस्तक उघडते.

शेवटाकडे एक जागा आहे, तिच्यासाठी मी हे पुस्तक पुन्हा पुन्हा वाचते. बून म्हणतो, दोन लाडके मुलगे आणि एक भाऊ गमावला. चाळीस चांगले घोडे आणि पुष्कळ गुरंही गेली. लगेच पुढे येतं की अंधाऱ्या, बिनझोपेच्या कितीतरी रात्री मी घुबडांचा सोबती होतो, हे रान वसवण्यासाठी नेमलेलं एक साधन होतो. घुबडं आणि ते नेमलेलं साधन फिल्सनचं, असं मी मानते. घोडे बूनचे. मुलांच्या पाठोपाठ घोडे मोजले म्हणून काहींना तो कोरडा वाटतो. मला नाही वाटत. थोरला मुलगा जेम्स 1773 मध्ये गेला, दुसरा मुलगा इस्राएल 1782 मध्ये केंटकीतल्याच ब्लू लिक्सच्या लढाईत, बापाच्या डोळ्यांदेखत. काय काय गेलं असं विचारल्यावर असा बाप ओळीनं सांगत जातो, आणि समोरचा मास्तर लिहून घेतो.

फिल्सनला त्या जमिनीचं सुख लाभलं नाही. 1788 मध्ये ओहायो नदीपलीकडच्या रानात तो नाहीसा झाला, देहही सापडला नाही. बूनचे जमिनीचे हक्क कज्ज्यांत आणि सदोष कागदपत्रांत गेले. 1799 मध्ये, पासष्टीच्या घरात असताना, तो केंटकी सोडून मिसूरीला निघून गेला.