गुरुवारची सुट्टी आणि गार डाय

भोसरी एमआयडीसीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. माझ्या अप्रेंटिसशिपमधलं सगळ्यात मोलाचं शिक्षण मला या सुट्टीमुळे मिळालं. पण आधी कागदपत्रांचं सांगतो, कारण नव्या मुलांचं नुकसान तिथेच होतं.

२०२२ साली मेकॅनिकलची पदवी हातात आली आणि मी एनएटीएस या सरकारी अप्रेंटिस योजनेच्या पोर्टलवर नाव नोंदवलं. अप्रेंटिस कायदा १९६१ चा. पदवीधर इंजिनिअरांना त्यात १९७३ च्या दुरुस्तीने घेतलं. मुदत एक वर्ष, आणि माझ्या वेळी किमान विद्यावेतन महिना ९,००० रुपये. भोसरीतल्या एका फोर्जिंग कारखान्यात, म्हणजे तापलेला धातू घाव घालून घडवतात तिथे, माझी निवड झाली. नोव्हेंबरच्या १ तारखेला रुजू झालो, पण माझा करार पोर्टलवर चढवायला त्यांनी सहा आठवडे लावले. वर्ष मोजलं गेलं ते करार नोंदल्यापासून. आधीचे सहा आठवडे कुठेच धरले नाहीत, आणि त्याचा राग मला अजून आहे. रुजू होताना कराराचा नोंदणी क्रमांक मागून घ्या आणि पोर्टलवर स्वतः उघडून बघा.

पहिले दोन महिने ऑफिसात तपासणीचे रिपोर्ट एक्सेलमध्ये भरण्यात गेले. शेवटी प्लांट हेडकडे जाऊन म्हटलं, "सर, मला शॉपवर पाठवा." ते लगेच हो म्हणाले. आधीच विचारायला हवं होतं.

शॉपवर, म्हणजे प्रत्यक्ष माल घडतो तिथे, गेलं की आवाजाच्याही आधी जमीन जाणवते. हॅमर, म्हणजे घाव घालणारं अवजड यंत्र, पडला की हादरा सेफ्टी शूजमधून गुडघ्यापर्यंत चढतो. इंडक्शन हीटरमधून, म्हणजे विजेवर धातू तापवणाऱ्या यंत्रातून, बिलेट (घडवायचा धातूचा तुकडा) साधारण १२०० अंशांवर बाहेर येतं, पिवळं-नारिंगी. सांडशीने ते डायवर, म्हणजे धातूच्या साच्यावर, ठेवायचं, घाव घालायचे, हवेच्या झोताने त्यावरच्या खपल्या उडवायच्या, पुन्हा घाव. कडेने बाहेर आलेला जादा धातू, म्हणजे फ्लॅश, ट्रिमिंग प्रेसवर कापला जातो. हे सगळं बिलेट गार व्हायच्या आत.

माझ्याकडे रिजेक्शनची नोंद आली. अंडरफिलचे पीस, म्हणजे डायच्या कोपऱ्यापर्यंत धातू पोचतच नाही, असे बरेच निघत होते. मी जुनं रजिस्टर काढलं आणि पाळीवार मांडणी केली. शुक्रवारची पहिली पाळी सरळ वेगळी दिसत होती.

हॅमरवरच्या मामांना दाखवलं. तीस वर्षं त्याच हॅमरवर काढलेला माणूस. (सगळी शॉप त्यांना मामाच म्हणते.) कागद बघून म्हणाले, "साहेब, बुधवारी रात्री हॅमर बंद होतो. गुरुवारभर डाय गार. शुक्रवारी पहाटे आम्ही बर्नर लावतो आणि सातला माल मागतात. एवढं मोठं लोखंड तासाभरात आतपर्यंत तापतं होय?"

पुढच्या शुक्रवारी मी पहाटेच गेलो. मामांनी बादलीत बोटं बुडवून डायवर पाणी शिंपडलं. थेंब पसरले, चर्र झालं, विरले. "अजून नाही." बऱ्याच वेळाने पुन्हा शिंपडलं. या वेळी थेंब गोल गोळ्या होऊन डायवरून घरंगळत सुटले. "आईला विचारा. घावन घालायच्या आधी ती तवा असाच बघते."

क्वालिटीतून थर्मामीटर आणून मी दोन्ही वेळा टेकवून पाहिला होता. पहिल्या वेळी १३० अंश, दुसऱ्या वेळी २३०. डाय फार तापली की थेंबाखाली वाफेचा थर धरतो आणि थेंब लोखंडाला टेकतच नाही. डाय साधारण १५० ते ३०० अंशांवर हवी, हे मी पुस्तकात वाचलं होतं. गार डायवर पिवळं बिलेट पडलं की धातू कोपऱ्यात पोचण्याआधीच गारठतो, शिवाय डायला तडा जाण्याची भीती. पण गुरुवारच्या सुट्टीशी त्याची सांगड मला मामांनी घालून दिली.

मी एक पानी टिपण लिहिलं: बर्नर तीन तास आधी लावायचा आणि पहिल्या बिलेटआधी तापमान वहीत लिहायचं. गॅसचा खर्च वाढेल म्हणून फोरमन नाराज होते, आणि त्यांचंही चूक नव्हतं, गॅसचा हिशेब त्यांनाच द्यावा लागतो. चार शुक्रवार करून बघायचं ठरलं. चौथ्या शुक्रवारी अंडरफिलचे दोनच पीस निघाले. टिपणावर मी मामांचं नाव आधी घातलं, खाली माझं.

२०२३ च्या खंडेनवमीला हॅमरची पूजा झाली. झेंडूची माळ चढवल्यावर मामांनी नारळ माझ्या हातात दिला.

आता मी चाकणला दुसऱ्या फोर्जिंग शॉपमध्ये आहे. यंदा आलेल्या दोन मुलांचे करार मी शेजारी बसून पोर्टलवर तपासले, आणि दुसऱ्या दिवशी दोघांना पहिल्या पाळीत हॅमरवर नेलं.