तुमच्या परड्यात सगळी केशरीच फुलं का?

खळ्यात चपला काढता काढता पाहुणे हे विचारतात. मोगरा नाही, गुलाब नाही, जिकडे बघावं तिकडे केशरी, असं का? दरवेळी चहा पुढे करून मी विषय बदलते. पण तुम्ही आवर्जून विचारलंत म्हणून नीट सांगते.

मी माहेरची सांगलीकडची. लग्न होऊन वेंगुर्ल्याजवळच्या या गावात आले तेव्हा हट्टाने गुलाबाच्या चार कुंड्या सोबत आणल्या होत्या. पहिला पावसाळा त्यांनी कसाबसा काढला. दुसऱ्यात पानांवर काळे ठिपके पडले आणि नुसत्या काड्या उरल्या. इथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. जमीन जांभ्याची. वर जेमतेम वीतभर माती आणि तिच्यातलं सत्त्वही पाण्याबरोबर वाहून जाणारं. काड्या उपटताना मी रडले होते. सासूबाईंनी त्याच जागी अबोलीची रोपं लावली. मी म्हटलं, हिला तर वासच नाही. त्या म्हणाल्या, "वास घेवन काय करतलंस? ही दोन दिस सुकाची नाय."

ते खरं होतं. सकाळी ओवलेला अबोलीचा वळेसर दुसऱ्या दिवशीही तसाच ताजा दिसतो. मोगरा तेवढ्या वेळात तपकिरी पडतो. अबोलीचं एक फूल हातात घेऊन बघा. देठ असा नाहीच, एक बारीक नळी, आणि पाकळ्या सगळ्या एकाच बाजूला पसरलेल्या, उघडलेल्या पंख्यासारख्या. त्यामुळे केळीच्या सोपाच्या दोऱ्यात नळ्या गाठीत घट्ट बसतात आणि बाहेर सलग केशरी पट्टा दिसतो. सासूबाई न बघता ओवतात, बोटांना पाठ झालंय. मला अजून बघावं लागतं.

अबोली मूळची आपल्याच भागातली, दक्षिण भारत आणि श्रीलंकेची. म्हणून इथल्या दमट हवेत ती माजते. फक्त मुळाशी पाणी साचलेलं तिला चालत नाही, वाफा उंच हवा. भर आषाढात फुलं कमी होतात, पण झाड हटत नाही. आणि त्या दिवसांत दुपारी तीनलाच अंधारून येतं तेव्हा लाल जास्वंद काळपट दिसायला लागते, अबोली मात्र माजघरातूनसुद्धा दिसते. मला केशरी रंगाची ओढ लागली ती त्या अंधारलेल्या दुपारींमुळे.

झेंडूची गोष्ट वेगळी. तो अबोलीला वाचवायला आला. पाच वर्षांपूर्वी अख्खा वाफा सुकायला लागला. पाणी घालूनही झाडं दुपारी माना टाकायची, पानं पिवळी पडायची. एक झाड उपटलं तर मुळांवर मोहरीएवढ्या, ज्वारीएवढ्या गाठी. सूत्रकृमी, म्हणजे मातीत राहणारे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे बारीक जंत. झेंडूच्या मुळांतून त्यांना मारक द्रव्य सुटतं. पण कडेला चार रोपं लावून भागत नाही, वाफाभर दाट लावावा लागतो. मी मृगात लावला, दसऱ्याला तोरणं केली आणि मुळं मातीतच राहू दिली. पुढच्या वर्षी अबोली परत त्याच जागी तरारून आली. तेव्हापासून दोघांची अदलाबदल चालते. म्हणजे एक केशरी काढलं की दुसरं केशरी.

कर्दळ न्हाणीच्या पाण्यावर वाढते, पेंटगुळीवर, म्हणजे इक्सोरावर, शिंजीर हे मध पिणारे इवले पक्षी येतात, म्हणून ती दोन्ही आहेत. कुंपणावरची कळलावी मी लावलेली नाही. ती श्रावणात आपली आपण येते, पानाच्या टोकाने दुसऱ्या झाडाला धरून वर चढते आणि तिची पाकळी आधी पिवळी, मग केशरी, शेवटी लाल होते. तिचा कंद भयंकर विषारी, रानातल्या कंदासारखा दिसून फसवणारा. घरात नातवंडं आली की आधी तिच्याकडे बोट दाखवून सांगते, बघायचं, हात लावायचा नाही.

अबोलीचं बी हवं असेल तर तुम्हाला देईन. वैशाखात कणसं वाळली की पाऊस सुरू व्हायच्या आत काढून फडक्यात बांधून ठेवते. कारण वाळलेल्या बोंडावर पाण्याचा थेंब पडला की ते तडकन फुटतं आणि बिया हातभर लांब उडतात. पहिल्या वळवाच्या सरीत पडवीत बसलं की वाफ्यातून बारीक तडतड ऐकू येते. सासूबाईंना आता कमी ऐकू येतं, म्हणून मी एक कणीस आत नेते आणि त्यांच्या तळहातावर ठेवून वर पाणी शिंपडते.