कळसूबाई, फेरी सहावी: यंदा घड्याळ उतरताना बघितलं

गुरुवार, 16 जानेवारी 2025. पायथ्याच्या बारी गावातून माथा 2 तास 35 मिनिटं. माथ्यावरून बारी 2 तास 10 मिनिटं, आणि गुडघा शाबूत.

यातली दुसरी वेळ लिहायला मला दीड वर्ष लागलं.

जुलै 2023 ची पहिली फेरी वहीत अशी आहे: चढ 3.20, उतार 3.50. उतरायला चढण्यापेक्षा अर्धा तास जास्त! त्या दिवशी शेवटचे दोन टप्पे मी बसून, घसपटत उतरलो. पँटची मागची बाजू कामातून गेली. ती वाया गेली याचं एवढं नाही, पण पाठीवर टोपली घेतलेली गावातली एक आजी मला ओलांडून गेली आणि जाताना म्हणाली, "बाळा, डोंगराकडं तोंड कर की." शिडीवर मी पाठ डोंगराकडे करून उतरत होतो. तेव्हापासून शिडी आली की तोंड डोंगराकडे. आमच्या दीड वर्षाच्या शिक्षणातला सगळ्यात स्वस्त धडा.

बाकीचा धडा महाग पडला. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं की माझी दमछाक हा प्रश्नच नाही. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत वजन उचलतो. उतरताना मात्र तो लांबत लांबत तेच वजन पेलतो, आणि तो थकला की सगळा दणका गुडघ्यावर. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना आई आठवते ती यामुळेच. मी मात्र वर्षभर फक्त जिने चढायचा सराव केला होता. सात मजले चढायचे आणि लिफ्टने खाली यायचं. म्हणजे परीक्षा एका विषयाची, अभ्यास भलत्याच विषयाचा.

सप्टेंबरपासून उलटं केलं. लिफ्टने वर, पायांनी खाली. सात मजले, चार वेळा, आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येक पायरीवर मनात "एक-दोन" म्हणत. शिवाय घरच्या पाटावर एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाची टाच हळूच जमिनीला टेकवायची, टेकवली की वर. कंटाळवाणा प्रकार आहे, पण गुण याचाच आला असं माझं मत.

आता प्रत्यक्ष फेरी. नाशकातून सव्वादोनला निघालो, घोटीमार्गे बारी. रजा मुद्दाम गुरुवारची टाकली. शनिवारी रात्री शिड्यांखाली जी रांग लागते ती आठवा, विशेषतः पावसाळ्यात. सप्टेंबरच्या पाचव्या फेरीत एका शिडीखाली चाळीस मिनिटं भिजत उभा होतो, वर पोचल्यावर धुक्यात शेजारचा माणूस दिसेना. सोनकी तेवढी रस्ताभर पिवळीधमक फुलली होती, म्हणून ती फेरी पदरात पडली असं मानायचं.

या वेळी चारला चालायला लागलो. पौर्णिमा होऊन तीनच दिवस झालेले, चंद्र पश्चिमेला, त्यामुळे भातखाचरांच्या बांधांवर बॅटरी लावायची गरज पडली नाही. कापणी होऊन गेलेली, नुसते खुंट. थंडी मात्र अशी की पहिल्या शिडीचा लोखंडी कठडा हातमोज्यातूनही चावत होता. नवख्यांसाठी: हातमोजे थंडीसाठी नाहीत, कठड्यासाठी घ्या. आणि शिडीवर काठ्या मनगटात लोंबकळत ठेवू नका, दुमडून सॅकला लावा. मागच्या माणसाच्या कपाळाची काळजी आपणच घ्यायची असते.

शेवटच्या शिडीआधीच्या विहिरीपाशी पाच मिनिटं थांबलो. पाणी एक लिटर संपलं होतं, दीड शिल्लक. पूर्वी मी तीन लिटर वाहून दोन परत आणायचो, ते ओझंही गुडघ्यालाच लागायचं.

माथ्यावर 6.35. 1646 मीटर, राज्यात याहून उंच उभं राहायला जागा नाही. देवीच्या छोट्याशा देवळाच्या आडोशाला वारा चुकवत बसलो. सूर्योदयाला सगळे पूर्वेला तोंड करून फोन धरतात. माझं ऐका, सूर्य वर आला की एकदा मागे वळा. पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग या किल्ल्यांच्या अंगावर कळसूबाईची स्वतःची सावली पडते, कंपासने आखल्यासारखी त्रिकोणी. ऊन चढेल तशी ती आखडत आपल्याकडे येते. मी सहा फेऱ्यांत ती दोनदाच पाहिली. दक्षिणेला भंडारदऱ्याचं पाणी, त्यापलीकडे रतनगड. हरिश्चंद्रगड धुरकट होता.

साडेसातला उतरायला सुरुवात. नियम तीनच ठेवले होते. पावलं छोटी. गुडघा कधीच पूर्ण ताठ ठेवून टेकवायचा नाही. आणि पाय दुखण्याआधी थांबायचं, दुखल्यावर नाही. दर अर्ध्या तासाला दोन मिनिटं. काठ्या चढताना वापरतो त्यापेक्षा हातभर... नाही, चार बोटं लांब केल्या. मधल्या सपाटीनंतरच्या मुरमाड उतारावर एकदा डावा पाय सटकला, पण काठी आधी टेकलेली होती म्हणून सावरलो. तिथे मुरूम बारीक गोळ्यांसारखा आहे, खडकापेक्षा तोच जास्त फसवतो. कातळ दिसला की माणूस सावध होतो, वाट सोपी दिसली की गप्पा मारतो. पायथ्याच्या देवळापाशी घड्याळ थांबवलं: 9.40.

बारीत पिठलं-भाकरी, वर कच्चा कांदा. वाढणाऱ्या मावशींना म्हटलं, सहाव्यांदा आलो. त्या म्हणाल्या, "नवरात्रात या, आम्ही पण वर असतो." त्यांनी किती वेळा चढून झालं ते विचारायची हिंमत झाली नाही.

पुढची फेरी इंदोरे गावाच्या बाजूने करायचा विचार आहे, थंडी सरायच्या आत. तोवर पाटावरचे व्यायाम वीसवरून तीसवर. सॅकमध्ये अजून एक किलो कमी करता येईल, डबा स्टीलचा कशाला लागतो कोण जाणे.

शुक्रवारी सकाळी सोसायटीची लिफ्ट बंद होती. सात मजले उतरलो, कठडा न धरता. चौथ्या मजल्यावर डाव्या मांडीने जरा कुरकुर केली, तेवढीच नोंद.