तीन महिने गावाला सांगू नका, दवाखान्यात मात्र लगेच सांगा

आमच्याकडे दिवस राहिले की तीन महिने भरेपर्यंत बाहेर बोलत नाहीत. सासूबाईंनी मलाही तेच बजावलं आणि मला ते पटलं. सुरुवातीच्या आठवड्यांत गर्भ पडण्याची भीती जास्त असते. तसं काही झालंच तर दारात येणाऱ्या प्रत्येकीला उत्तरं देत बसायचं बळ कुठून आणायचं? पण डॉक्टरकडेही तीन महिन्यांनीच जायचं, हे मला मान्य नव्हतं. माझ्या चुलत जावेने चौथा महिना सरल्यावर नाव नोंदवलं, तेव्हा तिचं हिमोग्लोबिन आठच्या खाली गेलं होतं. "आई, गावात कुणाला सांगत नाही, पण आशाताईंना सांगते," म्हटल्यावर त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग स्वतःच माझ्याबरोबर आल्या.

पाळी चुकून आठवडाही झाला नव्हता. आशाताईंनी दिलेल्या किटवर सकाळच्या पहिल्या लघवीने तपासलं. एक रेघ ठसठशीत आणि दुसरी इतकी फिकट, की मी ती उजेडात धरून बघत राहिले. आशाताई म्हणाल्या, "फिकट असली तरी रेघ ती रेघ." शेवटची पाळी कोणत्या तारखेला आली, हा त्यांचा पहिला प्रश्न. माझं छोटं पार्लर आहे. गिऱ्हाइकांच्या वहीतच मी पाळीची तारीखही टिपून ठेवते, म्हणून ती लगेच सापडली. त्या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळवून त्यांनी बाळंतपणाची अंदाजे तारीख सांगितली. मोजणी पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरतात. त्यामुळे मला आत्ताच कळलं असलं तरी हिशेबाने पाचवा आठवडा चालू होता.

हे समजलं आणि घाई का करायची तेही समजलं. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीपासून तयार होतात, ती गर्भ राहिल्यापासून साधारण अठ्ठावीस दिवसांत मिटते. म्हणजे पाळीच्या हिशेबाने सहावा आठवडा. ती नीट मिटावी म्हणून फॉलिक अॅसिड लागतं, रोज 400 मायक्रोग्रॅम. खरं तर मूल हवं असं ठरवलं की तेव्हापासूनच घ्यावं. तीन महिन्यांनी दवाखान्यात गेलं तर या कामाची वेळ कधीच उलटून गेलेली असते. उपकेंद्रातल्या सिस्टरांनी त्याच दिवशी गोळ्या हातात ठेवल्या. लोहाच्या गोळ्या पुढे, चौथ्या महिन्यापासून.

दुसऱ्या दिवशी हे मला कऱ्हाडला डॉक्टरबाईंकडे घेऊन गेले. जाताना घरातली माझी सगळी औषधं पिशवीत भरून नेली, आणि ही एक गोष्ट प्रत्येकीने करावी असं मला मनापासून वाटतं. मला थायरॉइडची गोळी चालू आहे. शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या की पोटुशी बाईने कोणतंच औषध घेऊ नये, सगळं बंद कर. डॉक्टरबाईंनी गोळी बंद केली नाही, उलट टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून डोस वाढवला. सुरुवातीचे तीन महिने बाळ आईच्याच थायरॉइडवर अवलंबून असतं, असं त्यांनी समजावलं. चेहऱ्याला लावायचं ट्रेटिनॉइनचं क्रीम मात्र त्यांनी जागेवर बंद करायला सांगितलं. मग मी काय काम करते ते विचारलं. केस स्मूदनिंगच्या काही द्रव्यांतून तापवल्यावर फॉर्मल्डिहाइडचा वायू सुटतो, ते काम आता करू नका, म्हणाल्या. लग्नसराईत त्याच कामावर माझी कमाई असते. तरी मी स्वतः ते करणं बंद केलं. मदतीला येणाऱ्या मुलीला कारण सांगावंच लागलं, कारण ते काम तिच्यावर ढकलण्याआधी खिडकीला मोठा पंखा बसवणं भाग होतं. तिने पोटात ठेवलं.

रक्ताच्या तपासण्या उपकेंद्रातून आरोग्य केंद्रात झाल्या: हिमोग्लोबिन, साखर, एचआयव्ही, कावीळ बी, सिफिलिस आणि रक्तगट. माझा गट बी निगेटिव्ह निघाला. ह्यांचा तपासला, तो पॉझिटिव्ह. बाळाचा गट बापासारखा असला आणि त्याचं रक्त माझ्या रक्तात मिसळलं, तर माझं शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करू शकतं. त्याचा त्रास बहुधा पुढच्या बाळाला होतो. त्यासाठी अठ्ठाविसाव्या आठवड्यात अँटी-डीचं इंजेक्शन असतं, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर बहात्तर तासांच्या आत पुन्हा. मधेच रक्त गेलं तर ताबडतोब कळवायचं, घरी पडून राहायचं नाही. सिस्टरांनी कार्डावर लाल पेनने "आरएच निगेटिव्ह" लिहून त्याभोवती चौकट केली. धनुर्वाताचं पहिलं इंजेक्शनही तेव्हाच दिलं, दुसरं चार आठवड्यांनी.

सोनोग्राफी सातव्या आठवड्यात झाली. आत जाण्याआधी आधार कार्डाची प्रत, डॉक्टरांची चिठ्ठी आणि मुलगा की मुलगी हे मला जाणून घ्यायचं नाही, या मजकुराखाली सही. 1994 च्या कायद्यामुळे हे सगळीकडे करावंच लागतं. गर्भ पिशवीतच आहे की बीजवाहिनीच्या नळीत अडकलाय, हे या तपासणीत कळतं. नळीत असेल तर जिवावर बेततं. म्हणून एका बाजूला ओटीपोटात सणसणून दुखलं, रक्त गेलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर वाट न बघता 108 ला फोन करायचा, हे मी घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय. माझं व्यवस्थित होतं. राखाडी ठिपक्यात काहीतरी भराभरा लुकलुकत होतं; डॉक्टरबाई म्हणाल्या, हे ठोके. सासूबाईंनी पडद्याकडे बघून हात जोडले.

राहिलं सरकारच्या मातृवंदना योजनेचं. पहिल्या बाळासाठी दोन हप्त्यांत पाच हजार मिळतात: नोंदणी आणि तपासणीनंतर तीन हजार, बाळाची जन्मनोंद व पहिल्या लसी झाल्यावर दोन हजार. पगारी रजा नसलेल्या माझ्यासारखीला ते मोलाचे आहेत. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात, म्हणून आधी बँकेत जाऊन खातं जोडून घेतलं आणि मग आशाताईंबरोबर बसून अर्ज भरला. दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी डॉक्टर स्वतः करतात. येत्या नऊला माझा नंबर आहे, आणि सासूबाई म्हणाल्यात, शेजारच्या नव्या सुनेलाही बरोबर घे, तिची पाळी चुकलीय.